गूळ नाकारणारी बाई

सत्यशीलाकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिने गूळ फेकला तेव्हा. सन १९९४, सव्वीस जानेवारी. वडीगोद्रीजवळच्या आमच्या शाळेत झेंडावंदन झालं आणि मी पोरांच्या हातावर गूळ-फुटाणे ठेवत होतो. फाटकातून एक उंच, हाडकुळी बाई तरातरा आत आली. तिसरीतल्या बेबीनंदाच्या, म्हणजे तिच्याच लेकीच्या, तळहातावरचा गुळाचा खडा तिने उचलला आणि कुंपणापलीकडे भिरकावला. फुटाणे तेवढे राहू दिले.

"अहो बाई, पोरांचा खाऊ आहे तो!"

"तुमचा खाऊ आसंल गुरुजी. माझ्या घरात गूळ येत न्हाई. गुळाच्या भरवशावर माझा माणूस गेला."

मला राग आला होता. खरी गोष्ट कळायला आठ-दहा दिवस लागले.

शाळेपासून मैलभरावर काकासाहेबांची खडी मशीन होती. मशीनच्या जबड्यात दगड पडला की असा धुरळा उठे की शेजारचा माणूस ओळखू येत नसे. दर बाजारच्या दिवशी काकासाहेब प्रत्येक मजुराला मुठीएवढा गूळ देत. गूळ खाल्ला की छातीतली धूळ उतरते, असं सगळेच मानत. मीही मानत होतो. सत्यशीलाचा नवरा देवानंद दोन वर्षं खोकत राहिला, गूळ खात राहिला, आणि खोकला वाढला की रस्त्यावरच्या दुकानातून लाल औषधाची बाटली आणून पीत राहिला. जालन्याला छातीचा फोटो काढला तोवर उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात दगडाची धूळ भरली आहे. ब्याण्णव साली तो गेला, आणि त्याच मशीनवर सत्यशीला घमेली वाहू लागली. दुसरं काम मिळत नव्हतं.

तिला एकच गोष्ट हवी होती. फुटण्याआधी दगडावर पाणी मारावं. मालक म्हणत, पाण्याने खडी चाळायची जाळी चोंदते, माल अडतो.

एके दिवशी ती शाळेत आली ती पांढऱ्या कापडाचे दोन सारखे तुकडे घेऊन. "तुमच्या कपाटात काचेच्या पेटीतली तागडी हाय म्हणं. ह्ये मोजून द्या. दोन दिसांनी पुन्ना आणते."

एक तुकडा ती कोरड्या दगडाच्या दिवशी मशीनजवळ टांगणार होती, दुसरा भिजवलेल्या दगडाच्या दिवशी. पाणी ती स्वतः घागरीने वाहणार होती, जेवणाच्या सुट्टीत. दोन्ही तुकडे पुन्हा मोजले तेव्हा फरक चांगलाच दिसला. मी खूश झालो. ती झाली नाही.

"काल वारा मशीनकडून कापडाकडं व्हता. आज उलटा. ह्ये बराबर न्हाई गुरुजी."

वारा सारखा मिळेपर्यंत तिने बारा दिवस घालवले. मुकादम कडूबा रोज ओरडायचा, "आल्या शास्त्रीणबाई! कापडं कशाला वाळू घालू राह्यली गं, धुणं घरी व्हत न्हाई का?" ती कापड ताणून बांधत राही. शेवटी कोरड्या दिवसाच्या कापडावर चार ग्रॅम धूळ भरली, ओल्या दिवसाच्या कापडावर एक ग्रॅमही नाही. मी ते कागदावर लिहिलं, खाली सही केली, आणि रविवारी तिच्याबरोबर मशीनवर गेलो.

काकासाहेबांनी कागद वाचलाच नाही. "गुरुजी, तुम्ही शाळा सांभाळा. पाण्यानं जाळी चोंदती."

"जाळीवर मारलं तर चोंदती," सत्यशीला म्हणाली. "दगडावर मारा, अर्धा घंटा ठिवा, मंग जबड्यात टाका. मी टाकलाय तसा. एकदा तरी जाळी चोंदली का, इचारा ह्या कडूबाला."

कडूबा पायाकडे बघत म्हणाला, "ध्यानात न्हाई मालक."

काकासाहेब मजुरांकडे वळले. "ऐका रे! ह्या बाईला गूळ नको, पाणी पायजे. उद्यापासून गूळ बिलकुल बंद."

मालक जीपमध्ये बसले आणि बायकांनी तिला घेरलं. तिच्याच गल्लीतली तुळजाबाई सगळ्यांच्या पुढे. "नवरा खाल्लास, आता आमच्या गुळावर उठलीस व्हय गं भवाने?"

"गूळ पोटात जातो तुळजाबाई. धूळ छातीत हाय. पोटातून छातीत जायला वाट न्हाई. आपल्याला गूळ देऊन गप बसवत्यात."

"लई शिकलीस! आमच्या लेकरांच्या तोंडचं गोड काढलंस."

एकीने तिचं घमेलं उचलून खाणीत फेकलं. मी मध्ये पडलो तर मलाही ऐकावं लागलं. आठवड्याच्या आत कडूबाने तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. गूळ मात्र पुन्हा सुरू झाला.

ती दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाऊ लागली. मशीनवरच्या बायका तिच्याशी बोलत नसत. हापशावर तिची घागर मागे सरकवत. ती पुन्हा पुढे सरकवायची.

दीड वर्षानंतर मशीनवर पाणी आलं. मजूर खोकत होते म्हणून नव्हे. शेजारी रामरावांची मोसंबीची बाग होती. पानांवर धुळीचा थर बसू लागला, बहर गळाला, आणि रामरावांनी काकासाहेबांना कोर्टाची धमकी दिली. दुसऱ्याच आठवड्यात नळी बसली. मी मुद्दाम बघून आलो. पाणी जाळीवर नव्हतं. दगड टिपरमधून पडतो तिथे, ढिगावर होतं. तिने सांगितलं होतं तिथेच.

मी घाईने तिला सांगायला गेलो. ती ज्वारी पाखडत होती. "आता तरी बोलावतील तुम्हाला," मी म्हणालो.

"कशाला बोलावतील? नळी बसली न्हवं, मंग झालं." मग सूप खाली ठेवून तिने विचारलं, "सकाळपासून चालू ठिवत्यात, का रामराव बागेत आल्यावरच?"

मी ते पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः पाहून आली. नळी सकाळपासून चालू होती. त्या कामाचं श्रेय तिला कोणी दिलं नाही, तुळजाबाईने तर नाहीच.

सत्यशीला आता बदनापूरला बेबीनंदाकडे राहते. घर वरच्या मजल्यावर आहे, जिन्याला अठरा पायऱ्या आहेत, आणि नवव्या पायरीवर ती श्वास घ्यायला थांबते.