डिलाईल रोडची वाटी

देवरुखहून निघताना यजमानांनी विचारलं, "मुंबईत काय बघणार?"

"चाळ," मी म्हटलं. ते हसले.

माझी मावसबहीण सुरेखा डिलाईल रोडच्या चाळीत राहते. कुणावर आत्महत्या करायची वेळ येऊ नये, म्हणून तिथल्या बायका धडपडतात, असं तिने फोनवर सांगितलं होतं. आमच्या गावातही तसं काही सुरू करायचं होतं.

पोचले त्याच संध्याकाळी ती मला बुद्धविहारात घेऊन गेली. सतरंजीवर विहारातल्या बायका, भजनी मंडळातले काका आणि सलूनवाला मांडीला मांडी लावून बसले होते. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरबाई समजावत होत्या, "माणूस गप्प झाला, दार लावून बसला, तर जीव द्यायचा विचार येतो का, असं सरळ विचारा. विचारल्याने तसला विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळं होतं."

"पण उठून जायचं कसं कुणाकडे?" काकांनी विचारलं.

"वाटी घेऊन," विहाराच्या प्रमिलाताई म्हणाल्या. "आज काहीतरी द्यायला जायचं, उद्या वाटी आणायला. पहिल्या खेपेला दार उघडतं, दुसऱ्या खेपेला बसता येतं."

सकाळी मी घोळ घातलाच. गॅलरीच्या (चाळीतला सामाईक व्हरांडा) टोकाला मिलिंद एकटा राहतो. नोकरी गेल्यापासून त्याचं दार बंदच. आदल्या दिवशी सुरेखाने त्याला पोहे दिले होते. मी दारावरून जाताना त्याने अर्ध्या दारातून वाटी पुढे केली, आणि पाहुणी असूनही कामाला हातभार लावावा म्हणून मी ती घेऊन आले.

सुरेखाने कपाळाला हात लावला. "ताई, अगं वाटी कशाला आणलीस? आता कुठल्या निमित्ताने बसू त्याच्याकडे?"

तिने प्रमिलाताईंना हाक मारली आणि त्याच वाटीत कुळथाची पिठी (कुळथाच्या पिठाची पातळ आमटी) ओतली. "चल, आता तूच दे."

"परत?" मिलिंद म्हणाला. "आत्ताच तर दिली ना वाटी."

"ती पोह्यांची होती," मी म्हटलं. तो किंचित हसला आणि दारातून बाजूला झाला.

आम्ही तिघी त्याच्या खाटेवर बसलो. प्रमिलाताईंनी आवाज न चढवता विचारलं, "मिलिंद, जीव द्यायचा विचार येतो का रे?"

तो खाली बघत म्हणाला, "येतो. पण कोणी विचारलंच नाय."

सुरेखाने त्याचा हात धरला. तो खूप रडला, आम्हीही रडलो. पिठी गार झाली. दुपारीच प्रमिलाताई त्याला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. पुढे कुणी ना कुणी त्याच्या सोबतीला असायचंच. सलूनवाला तर संध्याकाळी दुकान सोडून यायचा.

मी निघाले त्या दिवशी माझी पिशवी मिलिंदने उचलली. तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. चेहरा ओढलेला होता, औषधं नुकतीच सुरू झाली होती. गाडीपाशी त्याने तीच वाटी माझ्या हातात दिली. आत सुकटीची (वाळवलेली बारीक कोळंबी) चटणी होती.

"मावशी, वाटी रिकामी देत नाहीत ना."

चटणी केव्हाच संपली. वाटी घासूनपुसून फडताळात ठेवली आहे. सुरेखा म्हणते, कुरिअरने पाठव. छे! मी मिलिंदलाच फोन केला, "वाटी राहिलीय माझ्याकडे. तूच येऊन ने."

"आंबे आले की येतो," तो म्हणाला. त्याच्या तोंडून पुढच्या दिवसांचा बेत ऐकला आणि मला रडूच फुटलं. आमच्या कलमाला अजून मोहोरसुद्धा नाही. असू दे, तो येईपर्यंत वाटी मी देत नाही.