तर्री नसलेलं चायनीज

सगळ्यात आधी माझा खालचा ओठ गेला.

म्हणजे होता जागेवरच, पण मला लागेना. बोटानं दाबला, चिमटा काढला, काही नाही! समोर प्लेटमध्ये लालभडक नूडल्स, हातात काटा आणि डोक्यात एकच शब्द : लकवा.

आमच्या ग्रुपमध्ये अशा गोष्टी साचतच जातात. एक जण सांगतो, दुसरा वाढवतो, तिसरा वरून फोडणी घालतो. आणि जिच्यासोबत ते घडलं ती, म्हणजे बहुतेक वेळा मी, "अरे, असं नव्हतं झालं!" म्हणत मागे राहते. म्हणून यावेळी म्हटलं, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत आपणच लिहून काढावं.

आम्ही म्हणजे चौघं. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एका कापडाच्या कंपनीत शेड मॅचिंगची लॅब आहे. गिऱ्हाइकानं पाठवलेल्या तुकड्याशी आमच्या कापडाचा रंग जुळतो का, हे बघायचं काम. सुषमाताई वानखडे तिथल्या इनचार्ज. प्रवीण आणि मी त्यांच्या हाताखाली. चौथी वैशाली अढाऊ, माझी रूममेट. पुण्यातल्या एका मोठ्या चायनीज किचनमध्ये हात भाजून घेऊन ती परत आली आणि तिनं अमरावतीत, गाडगेनगरला स्वतःचं हॉटेल टाकलं. नाव, 'सणसणाट'. त्या पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघं तिची पहिली गिऱ्हाइकं होतो. आणि मी पहिली पेशंट!

"वैशू! माह्यं तोंड वाकडं झालं का पाह्य व!" मी ओरडले. घाबरले की माझं कॉलेजचं मराठी पळून जातं.

सुषमाताईंनी काटा खाली ठेवला. "हास पाहू."

मी हसले.

"दोन्हीकून हासून रायली. काई नाई झालं. खा."

प्रवीण अंजनगाव सुर्जीचा. म्हणाला, "आमच्याकडं शेतातली पानपिंपरी चावली की अशीच जीभ सुन्न होते. आमी त्याले औषध म्हनतो, तू लकवा म्हन."

तेवढ्यात वैशाली झारा घेऊन बाहेर आली. "अगं, ती सिचुआनची मिरी आहे. सुन्न करणं हेच तिचं काम. हे खरं शेजवान!"

"मंग आमी इतले दिवस काय खाल्लं?" प्रवीणनं विचारलं.

"सॉस," वैशाली म्हणाली आणि आत गेली.

*

आता थोडं तिच्या बाबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

वैशालीच्या बाबांचं अकोल्यात नाश्त्याचं हॉटेल आहे. तर्री-पोहे, तर्री-समोसा. तर्री म्हणजे तो वर तेलाचा तवंग असलेला लाल झणझणीत रस्सा. आपल्याकडे तो मागावा लागत नाही, वाढणारा जग घेऊनच फिरत असतो. एकुलत्या एका पोरीनं आपल्यामागं गल्ल्यावर बसावं, ही त्यांची इच्छा. पोरीनं चायनीजचं नाव काढलं तेव्हा दिवाळीपर्यंतची मुदत घालून ते म्हणाले, "दिवाईलोक पायतो. नाई चाललं तं शटर ओढाचं अन् इथं येऊन बसाचं. तोवर मले फोन नोको करू."

"चालते," वैशाली म्हणाली.

बापलेकीची हनुवटी सेम आहे. फोटोत बघितली तरी भांडण आठवतं.

हॉटेल सुरू झालं त्या दिवशी तरीही तिनं एकदा फोन लावून पाहिला. रिंग पूर्ण वाजली. फोन नको करू म्हटलं म्हणजे नको, उचलायचा प्रश्नच नाही! तेव्हापासून तिनं लावला नाही. पण कढई आपटायचा आवाज वाढला. दर आवाजाला मी दचकायचे.

*

पहिल्या आठवड्यात हॉटेल रिकामं. लोक काचेतून आत डोकवायचे, रिकाम्या खुर्च्या बघायचे आणि पुढं पावभाजीकडे जायचे.

सुषमाताईंनी लॅबमध्ये जाहीर केलं, "रिकाम्या हॉटेलात कोनी जात नसते. आपन खिडकीपाशी बसाचं. रोज. हॉटेल भरलं पायजे, म्हंजे पायजे!"

झालं! कंपनीची बस सोडली की आम्ही तिघं थेट खिडकीच्या टेबलावर. वेगवेगळी माणसं वाटावीत म्हणून प्रवीण एक दिवस टोपी घालायचा, मी रोज ओढणी बदलायचे. सुषमाताईंनी तर त्यांच्या मिस्टरांना चष्मा काढून बसवलं. त्या माणसाला समोरचं ताट दिसेना. त्यांनी मिरचीचा अख्खा तुकडा शिमला समजून चावला, पण बायकोच्या धाकानं खिडकीकडे बघून हसत राहिले. डोळ्यांतून धारा, चेहऱ्यावर हसू!

हा प्लॅन दहा-बारा दिवस मस्त चालला, असं आम्हाला वाटत होतं. मग एके दिवशी बाहेर भाजीची गाडी लावणाऱ्या मावशींनी मला थांबवलं.

"काय व बाई, रोज तुमीच दिसता. मेस लावली का इथं?"

दुसऱ्या दिवशी खरंच कॉलेजचे दोघं डबे घेऊन दारात हजर! "ताई, महिन्याची मेस सुरू केली म्हने?"

*

मग खरं गिऱ्हाईक आलं. परतवाड्याचं एक जोडपं. काकांच्या मिशा अशा की आधी मिशा आत आल्या, मग काका.

"तिखट हाये ना?" त्यांनी बसायच्या आधीच विचारलं. "नाई तं हे चायनीजवाले साखर टाकतात. आमी वऱ्हाडी मानसं. मिरची आमची घरची."

वैशालीनं सगळ्यात कडक प्लेट दिली. मी बाजूच्या टेबलावरून पाण्याचा जग हातात धरूनच बघत होते. काकांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. "हॅ! काईच नाई," म्हणाले. तिसऱ्या घासाला थांबले. हळूच हात वर नेला आणि दोन्ही मिशा चाचपल्या. मग ओठ चाचपले. मग पुन्हा मिशा. बायकोकडे बघून काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण तोंडातून नुसतं "फ... फ..." निघालं.

मी जग घेऊन उठलेच होते. काकूंनी हातानंच थांबवलं.

"बसा, बसा. चांगलं चाललं हाये," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याच्या प्लेटमधलं निवांत खात राहिल्या. जाताना काउंटरवर येऊन त्यांनी हळूच विचारलं, "हे पार्सल भेटते का?"

*

पण खरी अडचण वेगळीच होती, आणि ती रोज यायची.

आठ-नऊ जणांचा एक ग्रुप आला. भरपूर ऑर्डर केली. वैशाली खूश, आम्ही खूश. नूडल्स आल्या. त्यातल्या एका भाऊंनी प्लेट पुढं सरकवली आणि वाट बघत बसले. सगळेच वाट बघत बसले. कुणी जेवेना!

शेवटी भाऊ म्हणाले, "ताई, तर्री?"

"चायनीजमध्ये तर्री नसते," वैशाली म्हणाली.

"नसते म्हंजे? संपली का?"

"नसतेच."

"मंग हे कोरडं कोरडं कसं गियाचं?"

"ते तसंच खातात, भाऊ."

भाऊंनी बिचाऱ्यांनी खाल्लं. वाईट कुणी बोललं नाही. उठताना फक्त एवढंच म्हणाले, "चांगलं हाये. पन ज्या हॉटेलात तर्री नाई, ते काय हॉटेल हाये का?"

वैशाली पांढरीफटक पडली. ते गेल्यावर मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "शब्द न शब्द बाबांचा आहे. हेच म्हणाले होते मला."

"मंग दे न व तर्री!" सुषमाताई म्हणाल्या. "कायले अडून बसली?"

"नाही देणार. तर्रीच वाढायची होती तर अकोला काय वाईट होतं?"

हनुवटी! सांगितलं ना.

*

दिवाळी जवळ यायला लागली. तिचं हॉटेल बंद झालं तर रूम कोण शेअर करणार, हा विचार आधी आला हे खरं आहे. पण रात्री ती छताकडे बघत पडलेली दिसायची. मग ठरवलं की वैशालीच्या बाबांना आपण फोन करायचा. एकदा येऊन खाऊन बघा, एवढंच सांगायचं.

मला फोनची भीती वाटते. अनोळखी माणसाला फोन लावायचा तर मी आधी तोंड धुते. तरीही लावला. लॅबच्या मागच्या जिन्यात उभी राहून मनात वाक्य घोकलं : "नमस्कार काका, मी स्नेहल बोलतेय, वैशालीची रूममेट." रिंग गेली. काकांची कॉलर ट्यून म्हणजे सनईचौघडा. पूर्ण वाजला. कुणी उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सकाळी लावला, दुपारी लावला. सकाळी ते पोह्यांत असणार, दुपारी झोपेत असणार, म्हणून चार वाजता लावला. सनई! स्पीकरवर ठेवून लावत असल्यामुळे अख्ख्या लॅबला ती पाठ झाली. एकदा आमचे प्लांट मॅनेजर आत आले आणि प्रवीण मशीनपाशी तीच सनई गुणगुणत होता.

"काय प्रवीण, लग्न ठरलं का?"

"नाई सर. स्नेहल ट्राय करून रायली, पन समोरचा उचलत नाई!"

प्लांटमध्ये अजूनही काही बायका मला धीर देतात.

*

शेवटी वैशालीच नमली. नमली म्हणजे तिच्या पद्धतीनं.

"तर्री देते," म्हणाली. "पण बाबांची नाही, माझी. चायनीजचीच."

तिनं मिरचीचं तेल काढलं, त्यात आलं, लसूण, ती सुन्न करणारी मिरी. उकळलं. चव जबरदस्त! पण बोलावलेल्या चार जणांनी चाखायच्या आधीच मान हलवली. "हे तर्री वाटून नाई रायली."

आता कुणीही म्हणालं असतं, मीठ बघा, मसाला बघा. पण आम्ही पडलो रंगाची माणसं.

"प्रॉब्लेम शेडचा आहे," सुषमाताई म्हणाल्या. लॅबमध्ये शिरल्यासारखा त्यांचा आवाज झाला. मराठीसुद्धा बदललं. "स्टँडर्ड पाहिजे. स्टँडर्डशिवाय मॅचिंग होत नाही. तुझ्या वडिलांच्या तर्रीचं काही सँपल आहे?"

 वैशाली रूमवर गेली आणि एक पांढरी ओढणी घेऊन आली. तिच्या कोपऱ्यावर एक डाग. कॉलेजात असताना बाबांच्या हॉटेलात वाढताना सांडलेला. कितीही धुतला तरी न गेलेला.

सुषमाताईंनी डागाकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मोठी एक्स्पोर्ट ऑर्डर आली आहे.

पुढचे काही दिवस आम्ही काय केलं हे कंपनीत कुणाला सांगू नका. वैशाली तर्री करायची. आम्ही त्यात पांढऱ्या कापडाचे तुकडे बुडवून, धुऊन, वाळवून लॅबमध्ये न्यायचो आणि जेवणाच्या सुट्टीत, वेगवेगळ्या दिव्यांखाली रंग दाखवणाऱ्या लाईट बॉक्समध्ये, ओढणीच्या डागाशेजारी ठेवून वैशालीला फोनवर निकाल द्यायचो.

"पिवळा मारून रायली. हळद कमी कर."

"आता ब्राऊन साईडला गेली. मसाला करपवला काय?"

प्रवीण प्रत्येक तुकड्याचा वास घेऊन "रिजेक्ट" म्हणायचा. खरं तर वासाचा आमच्या कामाशी काही संबंध नाही. लॅबमध्ये कधी नव्हे ते सगळ्यांना भूक लागायला लागली.

आणि एके दुपारी सुषमाताईंनी शेवटचा तुकडा डागाशेजारी ठेवला, दिवे बदलून बदलून पाहिला, चष्मा काढून पाहिला.

"पास," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी वैशालीनं नूडल्ससोबत तर्रीचा जग फिरवला. तर्री मागणाऱ्या त्या भाऊंना बोलावून आणलं होतं. त्यांनी प्लेट पुढं केली, वैशालीनं ओतली. भाऊंनी घास घेतला, डोळे मिटले, ओठ चाचपले.

"आता झालं हॉटेल!" म्हणाले. "पन तोंड कुठं गेलं बाप्पा?"

*

दिवाळीच्या आधीचा रविवार. सणसणाटच्या बाहेर लाईन! लाईन भाजीच्या गाडीच्या पुढं गेलेली. मावशी चिडून ओरडत होत्या, "मेसवाले हो, माह्या मेथीवर नोका उभे राहू!"

आम्हाला खिडकीचं टेबल मिळालं नाही. सुषमाताई जग घेऊन तर्री वाढत होत्या. प्रवीण दारात उभा राहून नावं आणि ऑर्डर लिहून घेत होता आणि नंबर आला की एसटी स्टँडवरच्या कंडक्टरसारखा पुकारत होता. "देशमुख, चौघं! गवई, दोघं!" सकाळपासून दोन अढाऊ, म्हणजे वैशालीच्याच आडनावाचे, येऊन गेले. दोन्ही वेळा माझ्या हातून चमचा पडला. एक दर्यापूरचे निघाले, एक बँकेतले.

मी किचनच्या दाराशी उभी राहून फोन काढला.

"राहू दे गं," वैशाली कढई हलवत म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही उचलणार ते."

"उचलतील."

सनई. पूर्ण. मी पुन्हा लावला. सनई. आज ठरवलंच होतं. लाईन संपेपर्यंत लावत राहीन, फोन गरम होऊन बंद पडेपर्यंत लावत राहीन! तिसऱ्यांदा लावला. सनई अर्ध्यात तुटली.

मी इतकी दचकले की फोन कढईतच जायचा.

"हालो! कोन हाये?" मागे प्रचंड गोंगाट.

"न-नमस्कार काका, मी स्नेहल..." घोकलेलं पुढचं सगळं उडालं. वैशालीचा झारा थांबला.

"मंग कर व पोट्टे फोन, मंग कर! कवाची डोक्स खाऊन रायली. मी लाइनीत उभा हाओ, अन् माह्यं नाव पुकारून रायले!"

आणि माझ्या एका कानात फोनमधून, दुसऱ्या कानात दारातून, प्रवीणचा आवाज आला :

"अढाऊ! एकटेच! नुसती तर्री!"