न वाचता म्हटलेलं ‘होय’

मंडळी, अजून डोकं ठिकाणावर नाही माझं. निघालो होतो अंजनवेलचा किल्ला बघायला, वेळणेश्वरात गरम भजी दिसली नि उतरलो. समोरच आमच्या खासदारांची सभा!

होडीवाले बाबूकाका उठले. "सायेब, मासे ओरबाडणाऱ्या मोठ्या ट्रॉलरांना आमच्या समुद्रात सोडायचं विधेयक आलेलं. तुम्ही काय मत दिलंत?"

"आवाजी मतदान होतं हो. सगळे ‘होय’ ओरडले, मीपण ओरडलो. वाचायला वेळ कुठे?"

"म्हणजे देवळात गुरवानं गाऱ्हाणं घातलं की सगळे ओरडतात तसं, ‘होय महाराजा’!" कोणीतरी मागून ओरडलं. सभा हसली, साहेबसुद्धा हसले.

काका नाही हसले. "गुरव काय मागतो ते ऐकून तरी आम्ही होय म्हणतो. आता माझ्या जाळ्यात काय येणार, सायेब?"

तुमचा खासदार कशाकशाला होय म्हणालाय, विचारलंत कधी?