तज्ज्ञांची घरगाडी

माझे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यात एकदाच आठवडाभर गप्प बसले. तेसुद्धा तोंडाला पट्ट्या बांधल्या होत्या म्हणून. जन्मभर त्यांनी एका दुकानात सोफे विकले. पण हृदयाच्या शस्त्रक्रियेपासून पुलाच्या बांधणीपर्यंत असा विषय नव्हता, ज्यात त्यांनी नाक खुपसलं नाही. समोर डॉक्टर बसलेला असला तर आवाज आणखी चढायचा. घरात आम्ही त्यांना ‘तज्ज्ञ’ म्हणायचो. हे त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांना तो बहुमान वाटला.

निवृत्तीनंतर तज्ज्ञांनी एक जुनी घरगाडी घेतली. मागे पलंग, पुढे उलगडून पलंग होणारं बाकडं, मध्ये ओटा, त्यावर दोन बर्नरची शेगडी, शेजारी गॅसवर चालणारा छोटा फ्रिज, आणि बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात प्रोपेनचा सिलिंडर. विकणारा बिचारा गॅसची जोडणी समजावून सांगायला लागला, तर तज्ज्ञांनी हात वर केला. ‘‘मला शिकवू नका.’’

मग त्यांनी गाडीत सुधारणा केल्या. गॅस गळला की ओरडणारी पेटी जमिनीलगत बसवलेली होती. ‘‘कुठल्या गाढवाने ही पायाशी लावली? धूर वर जातो हे शेंबडं पोरही सांगेल,’’ असं म्हणून त्यांनी ती उपटून छताला लावली. प्रोपेन म्हणजे धूर नव्हे, तो हवेपेक्षा जड असतो, पाण्यासारखा तळाशी साचतो, हे त्यांना कोण सांगणार? साचलेला गॅस बाहेर जावा म्हणून तळाला जाळीचं भोक होतं. तिथून मुंग्या येतात म्हणून त्यात त्यांनी फाटका मोजा कोंबला. शेगडीमागची रबरी नळी तडकली होती, तिला चिकटपट्टी गुंडाळली.

‘‘अहो, नळी बदलून घेऊ या ना,’’ ताई म्हणाली. माझी मेहुणी; तिला आम्ही सगळेच ताई म्हणतो.

‘‘तुला त्यातलं काय कळतं?’’

लग्न झाल्यापासून दोन वेळा गॅसपुढे उभं राहून या गृहस्थाला जेवू घालणाऱ्या बाईला हा प्रश्न! आणि विचारणारा कोण, तर ज्याच्या नाकातलं हाड वाढलेलं आणि ज्याला पायाखाली उंदीर मेला तरी वास येत नसे. पण आपल्याला येत नाही तो वास जगातच नसतो, असा त्यांचा ठाम सिद्धान्त होता.

पहिल्याच सहलीला मी आणि माझी बायकोही त्यांच्याबरोबर गेलो. एका तळ्याकाठी अशा गाड्या उभ्या करायची जागा होती. त्यांची घरगाडी आणि, तज्ज्ञांचं घोरणं नको म्हणून, शेजारी आमचा तंबू. सकाळी आम्ही बाहेर चहा घेत होतो, तेवढ्यात घरगाडीचं दार धाडकन उघडलं आणि ताई अनवाणीच खाली उतरली.

‘‘आत गॅस सुटलाय. कुजक्या अंड्यांसारखा वास मारतोय. अहो, बाहेर या!’’

‘‘काही सुटलेलं नाही,’’ आतून आवाज आला. ‘‘पेटी वाजली का? नाही ना? मग?’’

पेटी कशाला वाजेल? ती छताला होती, गॅस तळाशी. ताई वाद घालत बसली नाही. वळसा घालून गेली, कप्पा उघडला आणि सिलिंडरचा कॉक बंद केला. मी दाराशी धावलो. तज्ज्ञ ओट्याखाली गुडघ्यांवर बसले होते. हातात काडेपेटी.

‘‘अहो, हे काय करताय?’’ मी ओरडलो.

‘‘तुम्हा लोकांची एकदाची खात्री पटवतो,’’ ते म्हणाले, आणि त्यांनी काडी ओढली.

भस्स्! निळा जाळ जमिनीवरून सरकत गेला आणि विझला. कॉक बंद होता म्हणून विझला. तज्ज्ञ दारातून पोत्यासारखे गवतावर येऊन पडले. भुवया गेल्या, मिशी गेली, ओठ पोळले. मी त्यांना धरून नळाखाली नेलं. ताई शेजारच्या गाड्यांतल्या लोकांना लांब व्हायला सांगत होती. सगळं आवरल्यावर मात्र ती मटकन खाली बसली. ‘‘मी आत असते तर?’’ एवढंच म्हणाली.

दवाखान्यात त्यांनी खुणेने कागद-पेन मागितलं. इतकं झाल्यावरही स्वारीला काहीतरी समजावून सांगायचं होतं! ताईने कागद दिला नाही.

माणसाला लाज असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण मिशी उगवेपर्यंत तज्ज्ञांनी नवी हकिकत रचली. निवृत्तांच्या मंडळाने तर त्यांना ‘गॅस आणि सुरक्षितता’ या विषयावर बोलायलाच बोलावलं. ‘‘अशा वेळी डोकं शांत ठेवावं लागतं,’’ ते व्यासपीठावरून म्हणाले. ‘‘मी आधी कॉक बंद केला.’’

ताई जागेवरूनच बोलली, ‘‘कॉक मी बंद केला. यांनी काडी पेटवली.’’

लोक खो-खो हसले. त्यांना तो नवरा-बायकोचा विनोद वाटला. तज्ज्ञही हसले, आणि त्यांना शाल-श्रीफळ नाही, तरी निदान गुच्छ मिळालाच.

दुसऱ्या दिवशी ताई गाडी घेऊन कारागिराकडे गेली. नळी बदलली, मोजा काढला, पेटी पुन्हा खाली बसवली आणि स्वतः ती मोठी गाडी चालवायला शिकली. आता ती आणि माझी बायको दोघीच फिरायला जातात. तज्ज्ञ ‘‘मलाही यायचंय’’ म्हणाले, तेव्हा ताई म्हणाली, ‘‘गाडीत जागा नाही.’’

गाडीत चौघं झोपू शकतात.