तीसच्या स्पीडची व्हॅन

आमच्या ह्यांनी अकरा वर्षं मोटारसायकलच्या शर्यती केल्या. मातीचा ट्रॅक, ढिगाऱ्यांवरून गाडी उडवायची, घरभर कप. मांडीचं हाड दुसऱ्यांदा मोडलं तेव्हा डॉक्टरांनीच हात जोडले आणि हे दोन वर्षं घरात बसले. बसले म्हणजे काय, माझा जीव खाल्ला. डाळीला फोडणी कशी द्यायची तेही मला शिकवायला लागले.

शेवटी जुनी व्हॅन घेतली आणि शाळेच्या मुलांची ने-आण सुरू केली. सोसायटीतल्या पालकांनी हौसेने मुलं दिली. एवढा रेसर, पोरं वेळेत पोचणारच. शाळा उघडायच्या आधी हे अख्खा रस्ता पायी चालून आले. शर्यतीआधी ट्रॅक असाच पायाखाली घालायचा असतो म्हणे. खड्डा कुठे, वाळू कुठे, सगळं वहीत. मी म्हटलं, अहो, रोजचाच रस्ता आहे. ऐकतील तर शपथ.

आणि मग व्हॅन चालवली ती तीसच्या स्पीडने. एकदा तर सायकलवरचा दूधवाला पुढे गेला. "ट्रॅकवर सगळे एकाच दिशेला जातात गं," हे म्हणायचे, "इथे कोण कुठून येईल सांगता येत नाही." आडगाव नाक्यावर पिंपळगावकडून द्राक्षांचे टेम्पो सुसाट येतात, तिथे तर हे थांबूनच राहायचे. एका आठवड्यात तीनदा मुलं उशिरा पोचली, शाळेने बाहेर उभी केली. रविवारी सगळे पालक आमच्या हॉलमध्ये. वेग वाढवा, नाहीतर आम्ही दुसरी व्हॅन बघतो.

"पंधरा मिनिटं आधी निघू. वेग वाढणार नाही," एवढं बोलून हे खाली बघत बसले. व्हॅन गेली की हा माणूस पुन्हा घरात बसणार, आणि या वेळी उठणार नाही, हे मला दिसत होतं. माझं डोकंच फिरलं. चहाचा ट्रे आपटला मी.

"अकरा वर्षं," मी म्हटलं, "प्रत्येक शर्यतीला मी देवासमोर फोन घेऊन बसले. तो वाजला की उचलायच्या आधी देवाला नमस्कार करायचे. तुम्हाला असं बसायला लागू नये म्हणून हे हळू चालवतात. पोरांना पंधरा मिनिटं लवकर उठवणं जड जातंय होय तुम्हाला?"

मग सगळ्यात जास्त आवाज करणारे गृहस्थच म्हणाले, "बरं. पावणेसातला पाठवतो." चहा पिऊन सगळे गेले.

हे तिथेच बसून होते.

"तू फोन घेऊन बसायचीस?" त्यांनी विचारलं. "मला तर म्हणायचीस, टीव्ही बघत होते."