आंबटाचा कॅन

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. कुणी विचारलं तर 'लाँड्रीत होतो' म्हणून विषय बदलायचो. चाकणच्या कारखान्यांचे कामाचे कपडे धुणारी मोठी लाँड्री होती ती, आणि कुठल्या कपड्याला कुठलं रसायन किती घालायचं, हे मी ठरवायचो.

तेलाने माखलेले बॉयलर सूट साबणाला दाद देत नाहीत. जोरकस क्षार लागतो. तो तेल सोडवतो, पण धाग्यात बसून राहतो. म्हणून शेवटच्या पाण्यात सौम्य आम्ल घालायचं, उरलेला क्षार मारायला. आम्ही त्याला 'आंबट' म्हणायचो. त्याने फेस येत नाही की कपडा उजळत नाही. गिऱ्हाइकाला न दिसणारी गोष्ट, म्हणून खर्च कापायचा तर सगळ्यांचा डोळा आधी तिच्यावर.

एक विक्रेता नवी पावडर घेऊन आला. मालकासमोर छाती ठोकून म्हणाला, "सर, ही घ्या. आंबट बंद, एक पाणी कमी." मालक माझ्याकडे वळले. क्षार मोजायच्या कागदी पट्ट्या माझ्या खणात होत्या. एक लोड धुऊन पट्टी लावायची, एवढंच काम होतं. मी ते केलं नाही. "चालेल," म्हणालो. दर शिफ्टला एक लोड जास्त निघणार म्हणून मालकांनी माझी पाठ थोपटली, आणि ती मी थोपटून घेतली!

मशीनवर लातूरकडचे एक मामा होते. शेवटच्या पाण्यातला कपडा ते पिळायचे, दोन बोटांत पाणी चोळायचे आणि मग थेंबभर जिभेच्या टोकाला लावायचे. दुसऱ्याच दिवशी कपडा घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"साहेब, बुळबुळीत लागायलंय. सोडा हाय आत अजून."

"मामा, तुमची जीभ काय प्रयोगशाळा आहे का?"

"तुमच्या खणात पट्ट्या हायत की. लावून बघा ना."

पोरं हसली. मीही हसलो. पट्टी काढली नाही.

ऐन उन्हाळ्यात घाम फुटला आणि एका कारखान्यातल्या कामगारांच्या माना नि काखा लालबुंद झाल्या. तक्रार आली, बैठक भरली. कारखान्याच्या साहेबांनी एक सूट उचलून नाकाला लावला. "वास तर छान येतोय," म्हणाले. येणारच! सुगंधी सॉफ्टनर आम्ही सढळ हाताने ओतायचो. माणसांच्या अंगाची आग होत होती आणि हे वास घेत बसले होते. पावडर कुठली, शेवटच्या पाण्यात काय घातलं, एकानेही विचारलं नाही. विक्रेता तर फोनच उचलत नव्हता. सगळ्यांना फक्त एक माणूस हवा होता. मालकांनी विचारलं, "मशीनवर कोण होतं?"

"मामा," मी म्हणालो. "एखादं पाणी चुकवलं असेल. वय झालंय."

कुणी दरडावून वदवून घेतलं नव्हतं. मी आपणहून बोललो. त्याच आठवड्यात मामांना घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप आंबटाचा कॅन काढून ते पुन्हा सुरू केलं. तक्रारी थांबल्या आणि मामांचीच चूक होती, हे सगळ्यांना पटलं.

गेल्या वर्षी कळलं, ते राजगुरुनगरला मुलीकडे राहतात. निगडीहून बस बदलत गेलो. वाटेत वाक्य पाठ करत होतो. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः खाली बसले. मुलीने चहा आणला. मी तोंड उघडणार, तोच मामा म्हणाले, "साहेब, लई वर्षं मनात हाय. त्या पोरांची अंगं भाजली ती माझ्यामुळंच. जिभेला सोडा लागत हुता, तो एखादं पाणी राहिल्यानंच असंल माझ्याकडून. हल्ली मी घरची कापडंबी धूत न्हाई, भरवसा वाटत न्हाई हाताचा."

मुलगी म्हणाली, "सांगा ना तुम्ही तरी त्यांना. आमचं ऐकत नाहीत."

दोघंही माझ्याकडे बघत होती. मामा, तुमचं एकही पाणी राहिलं नव्हतं, आंबट मी बंद केलं होतं, मला माफ करा. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "होतं मामा असं, सोडून द्या." आणि कप खाली ठेवून उठलो.