बटव्याची आतली बाजू

माझी थोरली बहीण डावरी होती. आज हे वाक्य मी चारचौघांत सहज बोलते, पण आमच्या बऱ्हाणपुरातल्या घरात ते मोठ्यानं उच्चारायची सोय नव्हती. "तिचा उजवा जरा आळशी आहे," असं माय म्हणायची, जणू त्या हाताला शाळेत घातलं की तो सुधारणार होता. शाळेत घालायचा प्रयत्नही झाला. बाबा सरकारी शाळेत मास्तर. ते तिच्याकडून उजव्या हातानं पाटीवर अक्षरं गिरवून घेत आणि ती अक्षरं पाहून स्वतःच उसासे टाकत.

तिला आम्ही जीजी म्हणायचो. शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या घरातून उचललेला शब्द. आमच्या गावात अशी उचलाउचल दोन्हीकडून चाले, त्याचं कुणाला काही वाटत नसे. गल्लीतली पोरं तिला 'खब्बू' म्हणून चिडवायची, तोही शब्द तिकडचाच. मी त्यातल्या एकाच्या पाठीत धपाटा घातला होता आणि त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही.

जेवण वाढायला, कुंकू लावायला, देवाला फूल वाहायला जीजी उजवा हात वापरायला शिकली होती. लक्ष ठेवून, सावकाश, पण चुकायची नाही. फक्त घाईत असली की डावा हात आपसूक पुढे यायचा. पहिलं स्थळ त्यातच गेलं. पाहुण्यांच्या पानात तिनं डाव्या हातानं मीठ वाढलं. पाहुण्यांनी जेवण संपवलं, विडा खाल्ला, कळवतो म्हणाले आणि गेले ते गेलेच. मला त्या माणसांचा राग येतो तो यासाठी की पुरणपोळी मात्र त्यांनी मागून मागून खाल्ली होती. दुसऱ्या स्थळाच्या वेळी जीजीचं काहीच चुकलं नाही, तरी बातमी त्यांच्यापर्यंत पोचली. राजघाटावर धुणं धुता धुता बायका काय बोलतील याला धरबंध नसतो.

तिसरं स्थळ फोपनारचं आलं. कपाशीचं शिवार असलेलं घर, मुलगा शांत. पाहण्याचा कार्यक्रम सुखरूप पार पडला. जीजीला तो आवडला होता. हे तिनं मला सांगितलं नाही, पण तो ज्या तांब्यानं पाणी प्याला तो तांब्या ती किती तरी वेळ चिंचेनं घासत बसली होती, त्यावरून मी ओळखलं. आणि मला भीतीच वाटली. आधीची दोन स्थळं गेली तेव्हा माय रडली होती, जीजी नाही. हे गेलं असतं तर जीजी रडली असती.

आमच्यात लग्न पक्कं होतं ते सुपारी फुटल्यावर. त्याआधी बोलणी कितीही झाली तरी कुणी कुणाला बांधील नाही. आणि ती सुपारी कुठलीही चालत नसे. मुलीनं आपल्या हातानं बटवा शिवायचा, त्यात सुपाऱ्या घालून तो होणाऱ्या सासूच्या हाती द्यायचा. सासूनं त्यातली एक सुपारी काढून बाहेर पुरुषमंडळींकडे पाठवायची, म्हणजे ते ती फोडणार. जावा आणि नणंद यांच्यासाठीही एकेक बटवा शिवावा लागे, पण ते लग्नापर्यंत दिले तरी चालत.

मग आमच्या दुपारी शिवणकामात जाऊ लागल्या. जेवणं आटोपली की मागच्या खोलीचं दार लागायचं. बाहेर माय सुपात तांदूळ घेऊन निवडत बसायची, म्हणजे शेजारीण आलीच तर तिला तिथंच गप्पांत गुंतवता यावं. आत जीजी आणि मी. मायच्या लग्नातल्या शालूचा पदर विरला होता, त्यातला धड भाग कापून घेतला. आत मांजरपाटाचं अस्तर, तोंडाशी नाडीसाठी नेफा, नाडीला गोंडे. तारकशीवाल्यांच्या गल्लीतून कलाबतूचा दोरा आणला होता, त्या सोनेरी दोऱ्यानं पुढच्या बाजूला वेल काढायची होती.

उजव्या हातात सुई दिली की जीजी कापडाआधी बोट शिवायची. डाव्या हातात सुई आली की ती निराळीच बाई व्हायची. पाठ सैल सोडायची, गुणगुणायची, मला उगाच चिमटे काढायची. टाका असा पडायचा की तो कापडातच उगवलाय असं वाटावं. माझं काम दोरा ओवून द्यायचं आणि कौतुक करायचं, आणि दुसरं काम मी जास्त करायची. सासूचा बटवा झाला तेव्हा मी तो गालाला लावून पाहिला होता.

तो बटवा आत्यानं पाहिला आणि घोटाळा झाला. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न जमतंय असं कळल्यावर ती डोईफोडियाहून मदतीला म्हणून आली होती. मदत म्हणजे पाटावर बसून दुसऱ्यांच्या चुका दाखवणं. तिनं बटवा उजेडात धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला.

"हे काय व? देठाचे टाके उलटे पडलेत सारे. असे डाव्या हाताचे पडतात. फोपनारवाली काय आंधळी आहे?"

मायनं बटवा हातात घेऊन पाहिला. "मला तर काही दिसत नाही हो वन्सं."

"तुला नाही दिसत, पण तिला दिसेल ना. सुपारी फुटायच्या आधी बटवा तिच्या हातात जाणार. पाहिलं की उठेल ती, सीधी घरी जाईल."

एकदा दाखवल्यावर मलाही दिसलं. माझ्या हातचा देठाचा टाका एका अंगाला कलायचा, जीजीचा दुसऱ्या. नवा बटवा शिवायला शालूचा तुकडा उरला नव्हता. तेव्हा असं ठरलं की पुढची वेल उसवायची आणि ती मी पुन्हा काढायची. मी परकर नेसणारी पोर, तोपर्यंत उशीच्या अभ्र्यापलीकडे काही भरलेलं नव्हतं. पण माझा हात उजवा होता, एवढी लायकी पुरेशी होती.

जीजीनं वेल स्वतःच उसवली. कलाबतू तुटू नये म्हणून एकेक टाका सुईच्या टोकानं उचलून. मला मात्र रडू कोसळलं. "गप गं," ती म्हणाली, "पानं तरी नीट काढ." मी माझ्या परीनं काढली. वेल जरा आजारी दिसत होती, पानं एकमेकांवर रुसल्यासारखी, पण टाके उजव्या हाताचे होते. बाबांना दाखवली तर म्हणाले, "छान! आधीपेक्षाही छान!" बाबांना व्याकरण कळायचं, वेल कळत नव्हती. आत्यानं बटवा दोनदा फिरवून पाहिला आणि पास केला. माय त्या रात्री पोटभर जेवली.

आमचं सगळ्यांचं लक्ष त्या वेलीवर होतं. बटव्याला आतली बाजू असते हे आम्हा चौघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

सुपारीच्या दिवशी फोपनारची मंडळी बैलांच्या दमणीतून आली. पुरुष बाहेर ओसरीवर, बायका आत. जीजीची होणारी सासू उंच, उन्हानं रापलेली, मोजकं बोलणारी बाई होती. मला तिची धास्तीच वाटली. जीजीनं उजव्या हातानं कुंकू लावलं, गूळपाणी दिलं, वाकून नमस्कार केला आणि बटवा पुढे केला. मी मायच्या मागे उभी होते. मायनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर वळ उठला.

त्या बाईंनी वेलीवरून अंगठा फिरवला. आत्यानं माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला, जिंकलो अशा अर्थी. मग बाईंनी नाडी सोडली आणि सुपारी काढायला बटव्याचं तोंड बाहेरच्या बाजूला दुमडलं. तशी आतली तुरपाई वर आली. अस्तराची कड नेफ्याशी शिवलेली, बारीक टाक्यांची, एकूण एक टाका उलटीकडे कललेला.

त्यांचा हात थांबला. सुपारी बोटांत, आणि नजर त्या तुरपाईवर.

"ही तू शिवली का व?"

जीजीनं मान हलवली.

"तुरपाई उलटी कलली आहे ही."

आत्या पुढे सरसावली. "त्याचं काय झालं, पोरीनं कापड उलटं धरलं होतं. मीच म्हटलं होतं तिला, की बाई गं..."

"कापड उलटं धरून असं नाही होत," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी गोधड्या शिवते. मले कळते." मग जीजीकडे वळून, "हात डावा आहे का तुझा?"

बाहेरून बाबांचा आवाज आला, "सुपारी येतेय ना हो?" त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. मला त्या क्षणी तिथून पळून तापीत उडी मारावीशी वाटली होती.

जीजी बोलली. खाली मान घालून नाही, समोर बघून. "हो. डावा आहे. वेल ह्या धाकटीनं काढली, बाकी सगळं माझं. आधीची वेलही माझीच होती. ती उसवली."

"कशाले?"

"तुम्हाला कळू नये म्हणून."

बाईंनी बटवा पुन्हा उलटून पुढची बाजू पाहिली. आता मलाही दिसलं, माझ्या वेलीच्या आजूबाजूला रेशमात जुन्या टाक्यांची बारीक छिद्रं होती. त्या छिद्रांवरून त्यांनी बोट फिरवलं, आणि मला कळलं की त्या उसवलेली वेल वाचताहेत.

"अरे माय," त्या म्हणाल्या, "केवढी सुरेख होती! अन ती उसवून ही लुळी वेल काढली?" मग माझा पडलेला चेहरा पाहून, "तुले नाही बोलत व बाई. तू पोर आहेस." मला मात्र चांगलंच लागलं होतं.

त्या मायकडे वळल्या. "आधी सांगायचं ना, मास्तरीणबाई. माझ्या घरी दोन सुना, दोघी उजव्या, मी बी उजवी. गोधडीची एक ओळ सरली की सारी गोधडी फिरवा, नाही तर उठून पुन्हा पहिल्या टोकाले जा. कंबर मोडते माझी. डाव्या हाताची असली तर कसं? मी शिवत तिच्यापाशी न्यायची, तिनं तिथूनच माझ्यापाशी परत आणायची. उठणं नाही, फिरवणं नाही. मले तर अशी एक पाहिजेच होती."

"पण..." मायला अजून विश्वास बसत नव्हता. "लोक म्हणतात..."

"वाढते उजव्या हातानं ना?"

"हो."

"मग झालं तं. सुईले काय कळते कोणता हात आहे ते?" एवढं म्हणून त्यांनी ती सुपारी माझ्या हातात ठेवली. "जा, बाहेर नेऊन दे. मास्तर घायकुतीला आलेत."

मी धावले. ओसरीवर कुणीतरी सुपारी पाटावर ठेवून बत्त्यानं फोडली, त्याचा टच्च आवाज आत गेला, आणि आतून मायचा हुंदका ऐकू आला. परत येऊन पाहते तो ती भिंतीला टेकून बसली होती, पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. इतकी वर्षं ती जीजीच्या हाताकडे डोळ्यांत तेल घालून बघत आली होती, आणि आता बघायचं काही उरलंच नव्हतं. तिला कळेना की हातपाय कुठे ठेवावेत. जीजी मात्र फोपनारच्या बाईंशी गोधडीच्या टाक्यांबद्दल बोलत बसली होती, टाका आखूड घालावा की लांब. जन्मापासून ओळख असल्यासारखी.

मंडळी गेल्यावर घरात सगळे एकदम बोलू लागले. बाबांना सगळी हकीकत दोनदा सांगावी लागली, आणि दुसऱ्यांदा ऐकून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. आत्या म्हणाली, "मला माहीतच होतं की ती समजून घेईल. बाई चांगल्या घरची दिसते." तिला कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी कुणाशीच भांडायची इच्छा नव्हती, माझीसुद्धा, आणि मी तशी भांडायला कधी मागेपुढे पाहणारी नाही.

संध्याकाळी मी सवयीनं नणंदेचा बटवा मांडीवर घेतला आणि कलाबतू ओवून वेलीला सुरुवात केली. मायनं येऊन तो माझ्या हातातून काढून घेतला.

"तू नको. तुझ्या वेलीत काही दम नाही." आणि सुई जीजीपुढे धरली. "तू काढ."

मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी सुटले होते. माझी बोटं टोचून टोचून सुजली होती.

जीजीनं डाव्या हातात सुई घेतली आणि देठ उचलला. माय आत चुलीकडे जाणार होती, ती गेली नाही. तिच्यासमोर बसून राहिली. टाका आत कसा जातो, बाहेर कसा येतो, हे बघत. मध्येच म्हणाली, "अगं, किती भरभर चालतो हा." जीजीला शिवताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं.